उभी गाडी कोणाच्या स्वाधीन?

मी राहतो त्या ओरत्तनाडुत रेल्वे नाही. तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. लोहमार्ग गावावरून न्यावा ही आमची मागणी जुनी आहे आणि निवडणूक आली की ती नव्याने ऐकू येते. मराठी वाचकांना मात्र हे गाव वेगळ्या कारणाने जवळचे वाटेल. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी येथे मुक्तांबाळच्या नावाने छत्र उभारले. रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरूने रात्री कोठे थांबावे, त्याचे अन्नपाणी कोणी पाहावे, याची ती व्यवस्था होती. प्रवासात चालण्याइतकीच थांबण्याचीही जबाबदारी कोणीतरी घ्यावी लागते, हे त्या काळच्या राज्यकर्त्याला ठाऊक होते.

गावात रेल्वे नसली, तरी रेल्वेची माणसे आहेत. नागपट्टिनमहून तंजावरला १८६१ मध्ये गाडी आली. पुढे तिरुचिरापल्लीजवळ पोन्मलैचा मोठा कारखाना उभा राहिला आणि कावेरीच्या या सुपीक मुलखातील अनेक घरांत शेतीच्या जोडीला रेल्वेची नोकरी आली. माझ्या शेजारी असेच एक निवृत्त गार्ड राहतात. या पदाला २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, पण ते स्वतःला गार्डच म्हणवतात. मी त्यांना ‘ऐया’ म्हणतो. चालकाविना धावलेल्या कठुआच्या मालगाडीची बातमी आली, त्या दिवशी दूरचित्रवाणीवर तेच दृश्य पुनःपुन्हा दाखवले जात होते. मी म्हणालो, ‘‘ऐया, गाडी पळाली कशी?’’ ते म्हणाले, ‘‘गाडी पळत नसते. तिला कोणी धरून ठेवले नव्हते, एवढेच.’’

या लेखाचा विषय त्या उत्तरातून आला. रेल्वे सुरक्षेविषयी आपण बोलतो तेव्हा टक्कर, सिग्नल, तुटलेले रूळ आणि ‘कवच’ यांविषयी बोलतो. म्हणजे धावत्या गाडीविषयी. पाळी संपल्यावर गाडी उभी करून उतरणारा माणूस ती कोणाच्या स्वाधीन करतो आणि उतरण्यापूर्वी ती कशी बांधून ठेवतो, याची चर्चा क्वचितच होते. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत अनेक गाड्या नेमक्या याच फटीतून निसटल्या आहेत.

कठुआची सकाळ

२५ फेब्रुवारी २०२४, रविवार. जम्मू-काश्मीरमधील कठुआ स्थानकात खडीने भरलेल्या ५३ वाघिणींची मालगाडी उभी होती. चालक आणि सहचालक गाडीत नव्हते. गाडी आपोआप हलली, उतारावर तिने वेग घेतला, ती पंजाबच्या हद्दीत शिरली आणि ७० किलोमीटरहून अधिक अंतर कापून होशियारपूर जिल्ह्यातील ऊंची बस्सीजवळ थांबली. रुळांवर लाकडी ठोकळे टाकून तिला थांबवावे लागले. पुढच्या स्थानकांना वेळीच कळवले गेले, फाटके बंद झाली, मार्ग मोकळा ठेवला गेला आणि कोणाचाही जीव गेला नाही. त्यानंतर सहा कर्मचारी निलंबित झाले.

प्राथमिक चौकशीविषयी त्या वेळी जे छापून आले, त्यात एक विसंगती होती. इंजिनाचे आणि तीन वाघिणींचे ब्रेक लावले होते, असे चालकाचे म्हणणे होते. गाडी थांबल्यावर तिची पाहणी करणाऱ्यांना मात्र हातब्रेक लावलेले आढळले नाहीत. दोन्हींपैकी खरे काय, हा शिस्तभंगाच्या कारवाईचा प्रश्न झाला. धोरणाचा प्रश्न वेगळा आहे. ब्रेक लागले आहेत की नाहीत, हे चालक निघून जाण्यापूर्वी दुसऱ्या कोणी आपल्या डोळ्यांनी पाहिले होते का? ते पाहणे हे कोणाचे काम होते? ज्या व्यवस्थेत या प्रश्नाचे उत्तर गाडी ७० किलोमीटर गेल्यावर शोधावे लागते, तिथे दोष एका माणसाच्या हातात मावत नाही.

हवेचा ब्रेक आणि लोखंडाचा ब्रेक

सर्वसाधारण समज असा, की ब्रेक लावला म्हणजे गाडी उभी राहिली आणि उभी राहिलेली गाडी उभीच राहणार. धावती गाडी थांबते ती हवेच्या ब्रेकने. इंजिनापासून शेवटच्या वाघिणीपर्यंत एक नळी जाते आणि तिच्यात दाबाखाली हवा असते. हा दाब कमी केला, की प्रत्येक वाघिणीखालच्या टाकीतील हवा सिलिंडरमध्ये शिरते, दट्ट्या सरकतो आणि ब्रेकचे ठोकळे चाकांना आवळतात. नळी तुटली, तरी दाब जाऊन ब्रेक आपोआप लागतात. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी दीडशे वर्षांपूर्वी रूढ केलेले हे तत्त्व आजही जगभर चालते.

पण ही हवा साठवलेली असते आणि साठा संपतो. इंजिन बंद झाले, की हवा भरणारे यंत्र थांबते. सांध्यांतून, जुन्या रबरी कड्यांतून ती हळूहळू झिरपते. काही तासांत ठोकळ्यांची पकड सैल होते आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणून लांब मुक्कामासाठी हातब्रेक असतो. प्रत्येक वाघिणीला एक चक्र असते. ते माणसाने फिरवायचे आणि ठोकळे लोखंडी दांड्यांच्या जोरावर चाकांना आवळायचे. जोडीला चाकाखाली लाकडी पाचर, रुळाला आवळलेली साखळी आणि कुलूप, शिवाय गाडी सुटलीच तर मुख्य मार्गावर जाऊ नये अशा बाजूला लावलेले सांधे. ऐया हे एका वाक्यात सांगतात: ‘‘हवा उधारीची, लोखंड रोखीचे.’’

आमचा प्रदेश सपाट आहे. भातशेतीचे पाणी अंगठ्याएवढ्या बांधाने अडते, तेथे गाडी घरंगळेल कशी, असे वाटते. पण उतार डोळ्याला दिसत नाही. स्थानकाच्या यार्डात भारतीय रेल्वेला चालणारा कमाल उतार ४०० ला १ असतो, म्हणजे १०० मीटरमागे फक्त २५ सेंटीमीटर. साडेसहाशे मीटर लांबीच्या मालगाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हा फरक दीड मीटरहून अधिक होतो. भरलेल्या गाडीचे वजन ५००० टनांच्या आसपास जाऊ शकते. पूर्वीच्या वाघिणींच्या आसांना साधी बेअरिंग असत, त्या जड चालत. आताच्या रोलर बेअरिंगमुळे इंजिनाचा भार हलका झाला, पण उभी वाघीणही तितक्याच सहजतेने चालू लागते. हंगामात तंजावर, नीडामंगलम येथून भाताच्या पोत्यांनी भरलेल्या गाड्या जातात, कारैक्काल बंदराचा कोळसा जातो. या गाड्या भरणीसाठी, इंजिनासाठी, चालकासाठी तासन् तास उभ्या असतात. देशभरात मालगाडीचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास आहे, याचा अर्थच तिच्या आयुष्याचा मोठा भाग उभे राहण्यात जातो.

दोन माणसांमधली फट

कठुआ हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. वाडी जंक्शन महाराष्ट्राच्या सीमेपासून फार दूर नाही. तेथे ८ नोव्हेंबर २०१७ रोजी चेन्नई-मुंबई मेलचे विजेचे इंजिन बदलायचे होते. चालक खाली उतरला आणि इंजिन एकटेच निघाले. रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी मोटारसायकलवरून पाठलाग करून सुमारे १३ किलोमीटरवर ते थांबवले. पुढच्याच वर्षी, ७ एप्रिल २०१८ रोजी, ओडिशात टिटलागढ येथे इंजिनाची दिशा बदलत असताना अहमदाबाद-पुरी एक्स्प्रेसचे २२ डबे प्रवाशांसह इंजिनाविना सुमारे १२ किलोमीटर घरंगळत गेले. डब्यांना अडथळे लावायचे राहिले होते. कर्मचाऱ्यांनी रुळांवर दगड टाकून ते थांबवले.

मथुरेची घटना तर सरळ पाळी बदलतानाची आहे. २६ सप्टेंबर २०२३ च्या रात्री शकूरबस्तीहून आलेली लोकल मथुरा जंक्शनला रिकामी झाली, चालक उतरला आणि त्याच्या जागी दुसरा कर्मचारी चालकाच्या खोलीत शिरला. काही क्षणांत गाडी फलाटावर चढली. हा कर्मचारी मोबाइलवर बोलत होता आणि त्याने आपली पिशवी वेगनियंत्रकावर ठेवली, असे प्राथमिक अहवालात म्हटल्याचे प्रसिद्ध झाले. प्रवासी उतरून गेले होते, म्हणून अनर्थ टळला.

प्रत्येक वेळी नशीब साथ देत नाही. ७ जून २०२३ रोजी, बालासोरच्या भीषण अपघातानंतर आठवडाही झाला नव्हता, तोच ओडिशातील जाजपूर-केओंझर रोड स्थानकात वादळी पाऊस आला. इंजिन नसलेल्या उभ्या मालगाडीखाली मजूर आडोशाला बसले होते. वाऱ्याच्या जोराने गाडी हलली आणि सहा जण मरण पावले. तमिळनाडूत २९ एप्रिल २००९ च्या पहाटे चेन्नईच्या मूर मार्केट स्थानकातून एका अनोळखी माणसाने उभी असलेली लोकल परस्पर पळवली आणि व्यासरपाडीजवळ ती मालगाडीवर आदळली. चार जणांचा जीव गेला.

या घटनांची तांत्रिक कारणे वेगवेगळी आहेत. वाडीचे इंजिन आणि जाजपूरच्या वाघिणी यांना एकच औषध लागू पडणार नाही. तरी एक गोष्ट समान आहे. कोणतीही गाडी नेमून दिलेल्या चालकाच्या हाती धावत नव्हती. एकाचे काम संपले होते आणि दुसऱ्याचे सुरू व्हायचे होते. गाडी त्या वेळी कागदावर कोणाच्या तरी ताब्यात होती. प्रत्यक्षात ती कोणाच्याच ताब्यात नव्हती.

नियम आहेत, वेळ नाही

रेल्वेकडे नियम नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. उभ्या करून ठेवायच्या गाडीच्या दोन्ही टोकांकडील किमान सहा-सहा वाघिणींचे हातब्रेक आवळावेत, पाचर लावावी, साखळी घालून कुलूप लावावे, नोंदवहीत लिहावे, स्टेशनमास्तरने खात्री करावी, अशा सूचना आहेत. कोणत्याही अपघातानंतर त्याच सूचना नव्या तारखेने पुन्हा निघतात, ‘विशेष मोहीम’ चालते आणि पंधरवड्यात ती संपते.

मी ऐयांना विचारले, की हे करायला किती वेळ लागतो? त्यांनी हिशेब मांडला. अनेक मालगाड्या आता गार्डाविना धावतात. म्हणजे पुढे इंजिनात दोघे आणि मागे कोणी नाही. पुढच्या सहा वाघिणींचे ब्रेक आवळून मागच्या टोकाला जायचे, तर साडेसहाशे मीटर खडीतून चालत जायचे आणि तितकेच परत यायचे. सव्वा किलोमीटरहून अधिक चाल झाली. रात्र असते, शेजारच्या मार्गावर गाड्या चालू असतात, काही चक्रे गंजलेली असतात, काही फिरतात पण ठोकळे चाकाला टेकतच नाहीत. ‘‘चक्र फिरले म्हणजे ब्रेक लागला असे नाही. खाली वाकून ठोकळा हाताने चाचपावा लागतो.’’ हे सारे पाळीच्या शेवटी करायचे असते, जेव्हा अंगात त्राण नसते, परतीची गाडी सुटायच्या बेतात असते आणि नियंत्रण कक्षातून दूरध्वनी येत असतो.

धावत्या कामाचा एक टप्पा सर्वसाधारणपणे नऊ तासांपेक्षा जास्त नसावा, असा नियम आहे. ‘सर्वसाधारणपणे’ या शब्दात किती तास मावतात, हे चालकांना विचारावे. २०२४ च्या जूनमध्ये आमच्याच दक्षिण रेल्वेतील अनेक लोको पायलटांनी आंदोलन केले. सोळा तासांची दैनंदिन विश्रांती तीस तासांच्या साप्ताहिक विश्रांतीतून कापून न घेता तिला जोडून द्यावी, म्हणजे एकूण ४६ तास मिळावेत, एवढे त्यांचे म्हणणे होते. त्या वादाकडे पगारवाढीच्या मागणीसारखे पाहिले गेले. तो सुरक्षेचाही वाद होता. थकलेला माणूस धावत्या गाडीत सिग्नल चुकवू शकतो, याची निदान चर्चा होते. थकलेला माणूस सातव्या वाघिणीपर्यंत चालत जाणार नाही, ही शक्यता कोणी हिशेबात धरत नाही.

कॅनडाने किंमत मोजून शिकलेले

हा धडा जगाला नवा नाही. आयर्लंडमध्ये आर्माजवळ १२ जून १८८९ रोजी चढावर अडकलेली सहलीची गाडी तोडून मागचे डबे गार्डाच्या हातब्रेकवर आणि चाकाखालच्या दगडांवर ठेवले गेले. पुढच्या भागाचा हलका धक्का लागला, दगड चुरडले गेले आणि मागे आलेल्या डब्यांच्या धडकेत सुमारे ८० जण मेले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले.

आपल्या प्रश्नाला अधिक जवळचे उदाहरण कॅनडाचे आहे. ५ जुलै २०१३ च्या रात्री क्वेबेक प्रांतात नांत येथे कच्च्या तेलाच्या ७२ टाक्यांची गाडी एकट्या चालकाने उतारावर उभी केली आणि पाळी संपवून तो गेला. नंतर इंजिनाला आग लागली. अग्निशमन दलाने ती विझवताना इंजिन बंद केले. तेथे आलेल्या रेल्वेच्या माणसाला इंजिनाचे ज्ञान नव्हते. हवा झिरपत गेली आणि मध्यरात्रीनंतर गाडी सुटली. सुमारे साडेअकरा किलोमीटर खाली लाक-मेगांतिक या गावात ती ताशी शंभरहून अधिक किलोमीटर वेगाने उलटली आणि पेटली. ४७ जणांचा मृत्यू झाला.

चौकशीत निघालेला एक तपशील प्रत्येक रेल्वे अधिकाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. चालकाने सात हातब्रेक लावले होते आणि ते पुरेसे आहेत का, हे इंजिनाचा जोर लावून तपासलेही होते. पण तपासताना इंजिनांचे हवेचे ब्रेक सोडले नव्हते. गाडी धरली होती ती हवेने आणि श्रेय मिळाले हातब्रेकला. प्रत्यक्षात १७ ते २६ हातब्रेकांची गरज होती. तपासणी झाली होती, पण ती खोटी होती, कारण ज्याची परीक्षा घ्यायची त्याला एकट्याला उभे केले नव्हते.

कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताची अठरा कारणे नोंदवली. त्यांत चालकाची चूक होती, तशीच इंजिनाची निकृष्ट दुरुस्ती, कंपनीचे ढिले प्रशिक्षण आणि सरकारी देखरेखीतील उणिवाही होत्या. खटला मात्र तीन कर्मचाऱ्यांवर उभा राहिला आणि २०१८ च्या जानेवारीत ते तिघेही निर्दोष सुटले. पुढे ४ फेब्रुवारी २०१९ रोजी ब्रिटिश कोलंबियात फील्डजवळ, कडाक्याच्या थंडीत हवेच्या ब्रेकवर तीन तास उभी असलेली धान्याची गाडी सुटली. पहिल्या चमूची पाळी संपली होती आणि नव्या चमूतील तिघे नुकतेच गाडीत चढले होते. ते तिघेही मेले. हातब्रेक लावलेले नव्हते. म्हणजे एकदा शिकलेला धडाही सवलतींच्या फटीतून गळून जाऊ शकतो.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, ताबा गाडीजवळ द्यावा आणि घ्यावा. उतरणाऱ्याने आणि चढणाऱ्याने, किंवा चढणारा आलेला नसेल तर स्थानकाच्या नेमलेल्या माणसाने, एकत्र चालत जाऊन ब्रेक मोजावेत. कार्यालयातील सही ही त्या चालण्याची नोंद असावी, तिची जागा सहीने घेऊ नये. दुसरी, हवा सोडून केवळ हातब्रेकवर गाडी उभी राहते का, हे पाहिल्यावाचून कोणी गाडी सोडू नये. तिसरी, या कामाचा वेळ पाळीच्या तासांत मोजावा आणि वेळापत्रकात दाखवावा. जे काम वेळापत्रकात नाही ते प्रत्यक्षातही होत नाही, हा सरकारी कामकाजाचा सार्वत्रिक नियम आहे.

यावर आक्षेप येईल, की प्रत्येक गाडीमागे अर्धा तास गेला तर आधीच तुंबलेले मार्ग आणखी तुंबतील. आक्षेप पोकळ नाही. पण अनेकदा गाडी कित्येक तास उभीच राहणार असते; तिच्यासाठी अर्धा तास नाही, हे पटत नाही. जेथे खरोखर घाई आहे, तेथे चालक न उतरता नव्या चालकाची वाट पाहील एवढे मनुष्यबळ ठेवणे, हाच दुसरा मार्ग आहे. दोन्हींना खर्च आहे. तो खर्च टाळून आपण जोखीम स्वीकारतो आहोत, एवढे तरी मान्य करावे.

चौथी गोष्ट मांडणीची. मुंबईकर वाचक बोरघाटातून किंवा थळघाटातून जातात, तेथे ३७ ला १ एवढा तीव्र उतार आहे. तो उतरताना ब्रेक निकामी झाले तर गाडी चढावर जाऊन थांबावी, म्हणून तेथे बाजूचे मार्ग काढलेले आहेत. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचे आणि मगच पुढचा रस्ता मिळवायचा. माणूस चुकेल, यंत्र बिघडेल, हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे. सुटलेली गाडी मुख्य मार्गावर येण्याआधीच अडेल अशी सोय, ज्या ज्या स्थानकांत गाड्या मुक्कामाला ठेवल्या जातात तेथे हवी. ‘कवच’ धावत्या गाडीची चूक सावरते. इंजिन बंद करून सोडलेल्या गाडीच्या चाकाखाली पाचर घालणारा हात त्यातून निघत नाही.

शेवटची गोष्ट चौकशीची. गंभीर अपघातांची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात आणि ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असल्याने रेल्वेपासून स्वतंत्र असतात. जीवितहानी झाली नाही, की बहुधा प्रकरण खात्यातच राहते. काही जण निलंबित होतात, अहवाल लोकांसमोर येत नाही आणि पुढच्या स्थानकातील चालकाला त्यातून शिकण्यासारखे काही मिळत नाही. कठुआची गाडी ज्या दिवशी कोणाचाही जीव न घेता थांबली, तो दिवस खरे तर शिकण्याचा होता. अशा प्रत्येक घटनेचा स्वतंत्र आणि जाहीर अहवाल यावा. त्यात ‘कोण चुकले’ याच्या आधी ‘त्या क्षणी गाडी कोणाच्या ताब्यात होती आणि ती धरून ठेवायला त्याच्याकडे वेळ, माणूस व साधन होते का’ या प्रश्नाचे उत्तर असावे.

परवा रात्री ऐयांच्या ओसरीवर बसलो होतो. उठताना त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि दार एकदा जोराने ओढून पाहिले. त्याचा आवाज मला फाटकापर्यंत ऐकू आला. त्यांच्या पत्नी सांगतात, की लग्न झाल्यापासून एकही रात्र त्यांनी नुसती कडी घालून दार सोडलेले नाही. आमच्या गावात कधी तरी रेल्वे येईल. स्थानक होईल, बाजूला एक जादा मार्ग असेल आणि एखाद्या रात्री पाळी संपलेला चालक तेथे भाताने भरलेली गाडी उभी करून खाली उतरेल. तेव्हा ती गाडी घ्यायला कोणी तरी फलाटावर उभे असावे आणि दोघांनी मिळून ती एकदा ओढून पाहिलेली असावी.